काच फेकायची नाही

आमच्या घरात कुणी कुणाला काही हातात देत नसे. मीठ हवं असेल तर मागायचं आणि तयारीत राहायचं. स्वयंपाकघरातून "घे" असा आवाज यायचा आणि त्याच्या मागोमाग मिठाची डबी. टॉवेल, साबण, कांदे, चपला, किल्ल्या, दादाची फूटपट्टी, माझी रिबन, सगळं हवेतूनच ये-जा करायचं. लोकांच्या भिंतीवर कॅलेंडरं असतात, आमच्या भिंतीवर टोमॅटोचे डाग होते. सगळ्यांच्याच घरी असं चालतं अशी माझी प्रामाणिक समजूत होती. मग एकदा मैत्रिणीच्या घरी जेवायला गेले. तिच्या वडिलांनी चमचा मागितला आणि मी टेबलाच्या ह्या टोकाहून "घ्या काका" म्हणून तो त्यांना दिला. चमचा चष्म्याला लागला. तिथून पुन्हा बोलावणं आलं नाही.

ह्या सगळ्याच्या मुळाशी आमचे बाबा. बाबा आठवडाभर काचवाले आणि रविवारी गोलकीपर. बाजारातल्या दुकानदारांचा एक फुटबॉल संघ होता, त्यात औषधवाला कॅप्टन, चपलांचा दुकानदार डाव्या बाजूला, आणि गोलात बाबा. संघातले लोक त्यांना 'शटर' म्हणायचे, कारण ते गोल बंद करायचे. समोरचे संघही 'शटर'च म्हणायचे, पण त्यांचं म्हणणं असं की आवाज फार करतं आणि खाली उशिरा येतं.

सरावाला वेळ कुठला? दिवसभर दुकान, संध्याकाळी आमचे अभ्यास, आईच्या मागे भाजी आणायला पिशव्या धरून जाणं. बाबा घराला चिकटलेला माणूस. क्लबातले लोक खेळ झाल्यावर गप्पा मारत बसायचे आणि बाबा गुडघ्याची माती न झाडता घरी यायचे, कारण आम्ही जेवायचे थांबलेले असायचो. मग त्यांनीच तोड काढली. "जेवतोच आहोत तर जेवताना सराव करू," ते म्हणाले, आणि आईला दारातून लिंबू टाकायला सांगितलं. आईनं आधी डोक्याला हात लावला आणि मग लिंबू टाकलं. तिचा नेम इतका चांगला निघाला की पुढे तिलाच तो नाद लागला. घरात सगळ्यांत जोरात फेकायची ती आईच.

वस्तू हातून निसटली तर बाबा रागवायचे नाहीत. फक्त विचारायचे, "हात कुठे होते?" ह्या प्रश्नाला उत्तर नसतं. दादानं एकदा "खिशात" असं खरं उत्तर दिलं, तर बाबांनी त्याच्या सगळ्या पँटींचे खिसे आईकडून शिवून घेतले.

एक गोष्ट मात्र कधी फेकली गेली नाही. काच. ह्या बाबतीत बाबा शिस्तीचे इतके पक्के की तिथे आमच्या दंग्याची डाळ शिजत नसे.

हे समजायला त्यांचं दुकान बघायला हवं होतं. निमुळती खोली, दोन्ही बाजूंना लाकडी घोड्यांवर गोणपाट, आणि गोणपाटावर कडेवर उभ्या केलेल्या काचा. मधे मोठं टेबल, त्यावर जुनं ब्लँकेट अंथरलेलं. बाबा कटरचं चाक रॉकेलमध्ये बुडवायचे, पट्टी लावायचे आणि एकाच दमात रेघ ओढायचे. रेघेवरून हात पुन्हा फिरवायचा नाही. मग काच टेबलाच्या कडेवर आणून एक हलका दाब, आणि टक्कन दोन तुकडे. मोठी काच न्यायला दोन माणसं लागत. पुढचा विचारायचा, "धरली?" मागचा म्हणायचा, "धरली." हे उत्तर कानांनी ऐकल्याशिवाय पुढच्यानं बोट सैल करायचं नाही. समोरचा कितीही जवळचा असो, मान डोलावलेली चालत नसे.

हाच नियम घरी. पाण्याचा काचेचा पेला द्यायचा म्हणजे दोन माणसं आणि एक संवाद लागायचा. "धरलास?" "धरला." पाहुण्यांना वाटायचं, पेल्यात काहीतरी भलतंच आहे. आरसा, बाटली, बल्ब, सगळ्याला हेच. अंड्यांवरून मात्र मोठा वाद झाला. आई म्हणाली, अंडं काचेत धरा. बाबांनी पंचासारखा विचार करून निकाल दिला की अंडं पुसता येतं, सबब ते काच नव्हे. निकालानंतरचं पहिलं अंडं बाबांच्याच कानावर फुटलं, कारण आईला निकाल मान्य नव्हता.

अशा घरात मी नवरा आणला तो घड्याळं दुरुस्त करणारा. चिमट्यात केसाएवढा स्क्रू धरेल, पण हवेतून येणारी उशी त्याला धरता येत नाही. पहिल्यांदा घरी आला तेव्हा मी त्याला सगळं सांगून ठेवलं होतं. बिचारा कोचावर टोकाला बसून होता. आई आतून म्हणाली, "चहाबरोबर बिस्किटं घेणार ना?" हा "हो" म्हणाला. ती म्हणाली, "घ्या," आणि पुडा आला तो थेट छातीवर. त्यानंतर कांदा कापायला मदत करतो म्हणाला, तर कांदाही तसाच आला. होणाऱ्या जावयाला अहो-जाहो करून कांदा मारणारी सासू त्यानं आधी कुठे पाहिली असणार? बाबा गंभीरपणे बघत होते. तो गेल्यावर म्हणाले, "माणूस सोन्यासारखा आहे. पण चाळण आहे." तेव्हापासून घरात त्याचं नाव चाळण.

तसं पाहिलं तर नावं ठेवायचा अधिकार बाबांना नव्हता. कारण त्या अंतिम सामन्याची गोष्ट सगळ्या बाजाराला पाठ होती.

सामना शाळेच्या मैदानावर, बस डेपोच्या संघाशी. बाजार संघ पहिल्यांदाच तिथवर पोचला होता. शाळेच्या खिडक्यांना काचा बाबांनीच आदल्या दिवशी बसवल्या होत्या आणि त्यांना चौकटीत धरून ठेवणारी पुट्टी अजून ओली होती. बरोबरी झालेली, सामना संपत आलेला. डेपोच्या एका जाड्या ड्रायव्हरनं दमलेल्या पायानं चेंडू ढकलला. चेंडू इतका सावकाश येत होता की बाबांनी तो वाकून उचलायचा होता, बस्स. तेवढ्यात गोलाच्या मागे खेळणाऱ्या पोरांपैकी कुणीतरी आपला रबरी चेंडू हाणला तो सरळ मुख्याध्यापिकाबाईंच्या खिडकीकडे.

बाबा वळले, गोल सोडून धावले आणि त्यांनी झेप घेतली. ज्यांनी बघितली ते सांगतात की तशी झेप त्या मैदानानं पुन्हा पाहिली नाही. रबरी चेंडू खिडकीपासून वीतभर अंतरावर त्यांच्या मुठीत आला. आणि इकडे मोठा चेंडू, कुणाला काही घाई नसल्यासारखा, रेषेवरून आत गेला.

आई म्हणायची, "कप घालवला तो घालवला. निदान काच फुटू द्यायची, धंदा तरी झाला असता. तेलही गेलं, तूपही गेलं." बाबांचं उत्तर कायम एकच. "पुट्टी ओली होती." जणू ओली पुट्टी म्हणजे अंगावरचं मूल.

औषधवाल्यानं पुढे कित्येक वर्षं बाबांशी धड संभाषण केलं नाही. बाबा खोकल्याचं औषध आणायला गेले तर बाटली काउंटरवर ठेवत म्हणायचा, "घे. निदान खोकला तरी अडव." गंमत अशी की तरीही दर रविवारी गोलात बाबाच. दुसरा गोलकीपर शोधायचं त्याला कधी सुचलं नाही.

मग बाबांचे हात थरथरायला लागले. आधी दुकानात कळलं. एक दिवस रेघ नागमोडी गेली. बाबांनी ती बघितली, कटर पुसून दादाच्या हातात दिला आणि म्हणाले, "तुझी रेघ ओढ आता." ते स्टुलावर बसायला लागले आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारायला लागले. गोल तर त्याआधीच सुटला होता.

घरी काय होणार ह्याची मला धास्ती होती. बाबांना झेल सुटताना मला बघायचं नव्हतं. पण बाबांचे झेल सुटतच नव्हते. हे कसं, ते माझ्या लक्षात यायला बराच वेळ लागला. आईनं कांद्याच्या जागी मोज्यांचा गोळा फेकायला सुरुवात केली होती. मग ती दारातून आत येऊन फेकायला लागली. मग टेबलाच्या पलीकडून, मग अलीकडून, मग खुर्चीशेजारी उभं राहून. ती कुणाला काही बोलली नाही. रोज थोडी पुढे सरकत गेली, इतकंच. शेवटी बाबा अंथरुणाला लागले तेव्हा ती उशाशी बसायची, गोळी त्यांच्या तळहातापासून बोटभर वर धरायची आणि म्हणायची, "घ्या." गोळी पडायची. बाबा दोन्ही हातांनी ती मिटून घ्यायचे आणि म्हणायचे, "धरली."

बाबा गेले, आणि त्यानंतर आईनं फेकणं सोडून दिलं.

पहिल्यांदा कळलं ते टॉवेलच्या वेळी, मी माहेरी येऊन राहिले होते तेव्हा. मी न्हाणीघराच्या दारातून हात बाहेर काढून उभी, आणि टॉवेल येईना. आई चालत आली. तिनं तो दोन्ही हातांनी माझ्या हातात ठेवला आणि सोडेना.

"धरलास?" तिनं विचारलं.

"आई, टॉवेल आहे."

"धरलास का?"

"धरला," मी म्हणाले, तेव्हा तिनं सोडला.

मग सगळ्याचंच तसं झालं. मीठ, साबण, चपलासुद्धा. आमच्याकडे ती अशी बघायची की जणू आम्ही सगळे कडेवर उभ्या केलेल्या काचा आहोत आणि एखाद्याला धक्का लागेल. मी तिच्यावर एकदा मुद्दाम लिंबू फेकलं. तिनं ते बाजूनं जाऊ दिलं, वाकून उचललं, टोपलीत ठेवलं आणि म्हणाली, "वस्तू फेकू नये गं." आमच्या घरात हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. मी न्हाणीघरात जाऊन रडले. बाबा गेल्याचं दुःख होतंच, पण आई आमच्यात असून अशी लांब उभी, हे मला सहन होत नव्हतं. दादानं मोजे फेकून बघितले. तिनं ते धुवायला टाकले.

एकटा चाळण काय तो सुखी असेल असं मला वाटत होतं. पण एके दिवशी तोही तोंड पाडून आला. म्हणाला, "आज आईंनी मला कांदा हातात दिला. मला बरं नाही वाटलं."

अशात औषधवाला घरी आला. आता त्याच्या दोन्ही गुडघ्यांना पट्टे असतात आणि क्लबाचा तो अध्यक्ष आहे. शाळेच्या हॉलमध्ये बाबांच्या आठवणीसाठी सगळ्यांनी जमायचं ठरवलंय, म्हणाला, वहिनींनी यायलाच हवं. आई म्हणाली, येईन. मला वाटलं, बाहेर पडेल, लोकांत बसेल, काहीतरी होईल. खरं सांगायचं तर मला फार आशा नव्हती.

हॉल भरला होता. खिडक्यांना बाबांच्याच काचा होत्या. पहिल्या रांगेत मी आणि दादा, चौथ्या रांगेत चाळण, मांडीवर माझी पर्स, आईची शाल आणि दादाची छत्री सांभाळत बसलेला. जुने खेळाडू आले होते, त्यांतले निम्मे काठी घेऊन. औषधवाला बोलायला उभा राहिला. त्यानं अंतिम सामन्याची गोष्ट सांगितली, तो जाडा ड्रायव्हर कसा चालत होता ते चालून दाखवलं, आणि म्हणाला, "शटर गेला. मी त्याला अजून माफ केलेलं नाही. पण गोलात दुसरं कुणी दिसलं की मला मैदान परकं वाटतं." तो हसवायला उभा होता आणि मधेच त्याला पाणी प्यावं लागलं.

मग त्यानं झाकलेली वस्तू उघडली. लखलखीत पारदर्शक ट्रॉफी, दोन पंजे आणि त्यात चेंडू, खाली सोनेरी अक्षरांत 'सर्वोत्तम गोलरक्षक'. हॉलमधून "वा" असा आवाज आला. आई मंचावर गेली. त्यानं ट्रॉफी पुढे केली. आईनं खालून दोन्ही हात लावले आणि सवयीनं म्हणाली, "धरली." त्याला बिचाऱ्याला कसला नियम माहीत? टाळ्या सुरू झाल्या.

आई ट्रॉफी घेऊन तशीच उभी राहिली. आणि मग तिनं नखानं तिच्यावर टिचकी मारली.

आमच्या घरात ती टिचकी शेंबड्या पोरालाही कळते. काच वाजते टिंग, आणि तो नाद थोडा वेळ टिकतो. हे वाजलं टक्. दादानं माझ्याकडे बघितलं. मी दादाकडे. आईनं पुन्हा टिचकी मारली. टक्.

तिनं औषधवाल्याच्या कानाशी वाकून काहीतरी विचारलं. नंतर कळलं, विचारलं होतं, "भावजी, हे प्लॅस्टिक आहे का?" तो लाजून लालेलाल. दुकानदारानं त्याला अस्सल क्रिस्टल म्हणून सांगितलं होतं. काचवाल्याच्या बायकोला काचेच्या नावाखाली प्लॅस्टिक, म्हणजे सोनाराला पितळ विकल्यातली गत. तो माफी मागायला लागला. पण आईचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. ती ट्रॉफी हातात खालीवर करून वजन बघत होती. तिच्या ओठाचा कोपरा हलला. तो कोपरा मला लहानपणापासून माहीत आहे. त्यानंतर कांदा येतो.

तिनं हॉलवरून नजर फिरवली. पहिली रांग, दुसरी, तिसरी. चौथीवर थांबली.

"घ्या," आई म्हणाली.

ट्रॉफी आमच्या डोक्यांवरून गेली. औषधवाला "वहिनी, वहिनी" करत राहिला. लोक खुर्च्यांत वाकले. ही काच आहे असंच सगळे समजत होते, आणि काठीवाल्या जुन्या खेळाडूंपैकी तिघांनी तरी जुन्या सवयीनं उडी मारायचा प्रयत्न केला आणि ते एकमेकांना धरून खाली बसले. चाळण उभा राहिला. पर्स, शाल आणि छत्री तीन दिशांना गेली. त्याचे हात पसरलेले होते आणि डोळे गच्च मिटलेले.

ट्रॉफी आधी त्याच्या छातीला लागली, मग हनुवटीला, मग कोपरावरून उडाली. तिच्या मागे तोही दोन खुर्च्यांवरून गेला आणि दिसेनासा झाला. सगळे माना उंचावून बघायला लागले. मग जमिनीवरून त्याचा आवाज आला.

"धरली."

ती त्याच्या दोन गुडघ्यांच्या आणि एका गालाच्या मधे होती. कशी आली ते त्याला आजही सांगता येत नाही.

औषधवाल्यानं माइक जवळ ओढला. "चला," तो म्हणाला, "शटरच्या घरातल्या कुणीतरी एकदाचं वेळेवर अडवलं."

आई हसली. आधी आवाज न करता, मग टेबलाला धरून, मग खुर्ची मागून घेऊन. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तिला ते पुसायला सवड नव्हती. पोट धरधरून ती शेवटची हसली होती ती ते अंडं बाबांच्या कानावर फुटलं तेव्हा.

चाळणीनं ट्रॉफी घरापर्यंत कुणाच्या हातात दिली नाही. वाटेत तो दोनदा म्हणाला, "मी झेललं, पाहिलंस ना?" मी म्हणाले, पाहिलं. खरं तर मीही डोळे मिटले होते.

घरापाशी आलो तेव्हा मी पुढे होते. दारात वाकून मी सँडलचा पट्टा सोडत होते आणि मनात बाबांशीच बोलत होते की बघा, तुमच्या चाळणीनं काय केलं. आई मागे फाटकाशी होती. तिनं कधी "घे" म्हटलं ते मला ऐकूच आलं नाही. मी मान वर केली आणि किल्ल्यांचा जुडगा सप्पकन कपाळावर बसला.

मी पायरीवरच बसले आणि हमसून हमसून रडायला लागले. मला थांबताच येईना. चाळण ट्रॉफी पोटाशी धरून धावत आला. "फार लागलं का?" त्यानं विचारलं. मी मान हलवली, पण हो की नाही ते माझं मलाच ठरवता येत नव्हतं.

आई जवळ आली नाही. ती फाटकातच कमरेवर हात ठेवून उभी होती.

"हात कुठे होते?" तिनं विचारलं.

टेंगूळ चांगलं आठवडाभर राहिलं. उतरायला लागलं तेव्हा मला जरा वाईटच वाटलं.